इंजिन ऑइलचं झाकण आणि त्याखालचं लोणी



आजचा पाठ थोडा वेगळा आहे. पुस्तकातला आहेही आणि नाहीही. तो सुरू झाला जुलैमधल्या एका सकाळी, परिपाठाच्या आधी, स्टाफरूमच्या दारात. आमच्याकडे मुलांना घेऊन येणारे एक व्हॅनवाले काका भिजल्या छत्रीनिशी उभे होते. हातात वर्तमानपत्राची पुडी. मला वाटलं, कुणाचा डबा राहिला असेल. त्यांनी पुडी उघडली. आत एक काळं, हाताच्या मुठीत मावेल एवढं प्लास्टिकचं झाकण होतं, आणि त्याच्या आतल्या बाजूला पिवळसर पांढरा, लोण्यासारखा थर.

"बाई, हे बघा. इंजिनात लोणी निघालंय. गॅरेजवाला म्हणतो हेड गॅस्केट गेलं, इंजिन उघडावं लागेल. तुम्ही सायन्सच्या, म्हणून विचारतो, खरंच गेलं असेल का?"

प्रश्न विचारताना त्यांचा चेहरा पडलेला होता. शाळा सुरू होऊन महिना झालेला, व्हॅनचा हप्ता चालू. इंजिन उघडायचं म्हणजे पाच आकडी खर्च, शिवाय आठ-दहा दिवस गाडी उभी. तेवढे दिवस दहिवली, भिसेगाव, गुंडगे इथली त्यांची मुलं शाळेत कशी येणार? काही पालकांपर्यंत बातमी आधीच पोहोचली होती. "गाडीचं इंजिन खराब आहे, मुलांना पाठवायचं की नाही?" असा मला एका आईचा फोनही येऊन गेला होता.

मी त्यांना पहिला प्रश्न विचारला तो मात्र वेगळाच. "काका, झाकण इथे आहे, मग तिकडे भोकावर काय आहे?"

"चिंधी लावलीय."

तिथूनच आमचा पाठ सुरू झाला. आधी जाऊन ती चिंधी काढली. का, ते पुढे सांगते.

ज्यांनी बोनेट कधी उघडलं नाही त्यांच्यासाठी आधी ओळख. इंजिनाच्या सगळ्यात वरच्या भागावर एक आवरण असतं, आपल्याकडचे मेकॅनिक त्याला टॅपेट कव्हर म्हणतात. त्यावर नवीन ऑइल ओतायचं तोंड असतं आणि त्या तोंडाला हे झाकण. त्यावर बहुतेक वेळा तेलाच्या बुधलीचं चित्र किंवा ऑइलचा ग्रेड छापलेला असतो. मुलांना आणणाऱ्या ईकोसारख्या व्हॅनमध्ये इंजिन पुढे बोनेटखाली नसतं, पुढच्या सीटखाली असतं. म्हणजे सीट उचलली की इंजिन. म्हणजेच तिथून ऑइल उडालं, धूर झाला, तर तो थेट मुलं बसतात त्या जागेत येणार. हे पालकांनी लक्षात ठेवावं असं आहे.

बरं, हे झाकण करतं काय? आपल्याला वाटतं, कचरा आत जाऊ नये म्हणून आहे. ते खरंच, पण तेवढंच नाही. इंजिन चालू असताना आत वरच्या भागात ऑइल सतत उडत असतं, आणि ते गरम असतं. झाकण नसेल तर ते बाहेर उडतं. शेजारीच सायलेन्सरकडे जाणारा तापलेला पाइप असतो, त्यावर पडलं की धूर आणि करपल्याचा वास, आणि वेळ वाईट असेल तर आग. शिवाय इंजिनाच्या पोटात जमणारे वायू एका झडपेतून परत इंजिनातच जाळायला ओढून घेतले जातात. ही ओढ नीट राहायची तर पोट बंद हवं. झाकण सैल असलं, त्याची रबरी रिंग चिरलेली असली, तर तिथून जादा हवा आत शिरते. मग काही गाड्या उभ्या असताना थरथरतात, काहींचा इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, आणि माणूस महागडे सेन्सर बदलत बसतो. आणि चिंधी? सैल झाली तर ती आत पडू शकते, तिचे धागे ऑइलच्या वाटा तुंबवू शकतात. तेल प्यायलेली चिंधी तापल्या इंजिनावर म्हणजे काकडाच झाला. म्हणून चिंधी नाही. झाकण नाही तर गाडी चालवायची नाही, इतकं सरळ.

आता लोण्याकडे वळू.

पहिल्या तासाला माझा दहावीचा वर्ग होता आणि योगायोगाने 'रासायनिक अभिक्रिया व समीकरणे' हाच पाठ चालू होता. मी झाकण वर्गात नेलं. मुलांना म्हटलं, हे इंजिनाच्या ऑइलचं झाकण आहे, खालचा पदार्थ काय असेल सांगा. ग्रीस, साबण, शेवाळ, आणि शेवटच्या बाकावरून "बटर". मग एका मुलीने विचारलं, "बाई, ऑइल काळं असतं ना, मग पांढरं कसं झालं?" हाच खरा प्रश्न.

तेल पांढरं होतं ते पाण्याने. दोन बाटल्या घ्या. दोन्हींत थोडं पाणी आणि थोडं खाण्याचं तेल. एकीत भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाका. दोन्ही जोरात हलवा. साध्या बाटलीत तेल थोड्या वेळात वर येतं. साबणाच्या बाटलीत पांढरट दुधासारखं मिश्रण बराच वेळ टिकतं. इंजिन ऑइल म्हणजे नुसतं तेल नसतं. काजळी धरून ठेवण्यासाठी त्यात साबणासारखं काम करणारी द्रव्यं मुद्दाम घातलेली असतात. त्यात पाणी मिसळलं आणि इंजिनाने ते घुसळलं की लोणी तयार.

मग पाणी आलं कुठून? मुलं म्हणाली, पावसाचं शिरलं. उत्तर चुकीचं, पण आपल्याकडच्या पावसात कुणीही तेच म्हणेल. मी फळ्यावर समीकरण लिहिलं. व्हॅन सीएनजीवर चालते, सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. मिथेनच्या एका रेणूला ऑक्सिजनचे दोन लागतात आणि जळल्यावर कार्बन डायऑक्साइडचा एक व पाण्याचे दोन रेणू मिळतात. वजनात मांडलं तर १६ ग्रॅम मिथेन जळून ३६ ग्रॅम पाणी. म्हणजे १ किलो गॅस जाळला की सव्वादोन किलो पाणी! काकांची गाडी शाळेच्या फेऱ्यांत दिवसाला पाऊण किलो गॅस जाळते असं धरलं, तर जवळजवळ पावणेदोन लीटर पाणी रोज तयार होतं. पेट्रोलचं गणितही मुलांनी करून बघितलं. १ लीटर पेट्रोल जळून साधारण १ लीटर पाणी निघतं. वर्गात क्षणभर शांतता. समीकरणाचा तोल साधण्यासाठी आकडे पुढे-मागे करणारी मुलं पहिल्यांदाच त्या आकड्याकडे खरी गोष्ट म्हणून बघत होती. थंड सकाळी सायलेन्सरमधून टपटपणारे थेंब सगळ्यांनी पाहिलेले असतात, ते कुठून येतात हे कुणी विचारलेलं नसतं.

यातलं बहुतेक पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. थोडे वायू मात्र पिस्टनच्या रिंगांच्या कडेने खाली इंजिनाच्या पोटात उतरतात, वाफही त्यांच्याबरोबर जाते. इंजिन चांगलं तापलं असेल तर ती वाफच राहते आणि झडपेतून ओढली जाते. पण इंजिन गार असेल तर?

इथे मी मुलांना त्यांचे डबे आठवायला सांगितले. गरम भात डब्यात भरून लगेच झाकण लावलं की दुपारी झाकणाच्या आतून पाणी ठिबकतं. कर्जत स्टेशनवरचा गरम वडा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घरी नेला की पिशवीला घाम येतो आणि वडा मऊ पडतो. वाफ वर जाते, गार पृष्ठभाग भेटला की तिथे पाणी होते. इंजिनात सगळ्यात वरची आणि बाहेरच्या हवेने गार राहणारी जागा कोणती? हेच झाकण. म्हणून लोणी आधी तिथे दिसतं.

आणि काकांची गाडी कशी चालते? सकाळी तीन-चार किलोमीटर, मग बंद. दुपारी पुन्हा तेवढीच. बाहेर धो धो पाऊस, हवा इतकी ओली की कपाटातल्या चपलांना बुरशी येते. डॅशबोर्डवरचा काटा मध्यावर आला म्हणजे इंजिन तापलं असं आपण समजतो, पण तो काटा कूलंटचा असतो. ऑइल तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. काकांचं ऑइल पुरतं तापायच्या आतच गाडी शाळेच्या फाटकाशी उभी राहते, आणि रोज थोडं पाणी मागे राहतं. उन्हाळ्यात हीच गाडी एवढं लोणी करत नाही.

एवढं कळल्यावर "काका, काही झालेलं नाही, जा" असं म्हणायचा मोह होता. पण गॅरेजवाला वेडा नव्हता. हेड गॅस्केट फाटलं की कूलंट ऑइलमध्ये मिसळतं आणि तेव्हाही झाकणाखाली नेमकं असंच लोणी दिसतं. खूण एक, कारणं दोन. नुसत्या झाकणाकडे बघून दोन्हींपैकी कुठलंच खात्रीने सांगता येत नाही. त्याने घाई केली ती इथेच.

म्हणून आम्ही बाकीच्या खुणा बघायच्या ठरवल्या. ऑइलची पट्टी काढून पुसून पुन्हा बुडवली: ऑइल काळपट तपकिरी, स्वच्छ, पातळी दोन खुणांच्या मध्ये. गॅस्केट गेलं असतं तर बहुधा पट्टीवरही दुधाळपणा दिसला असता, पातळी वाढलेलीही दिसली असती. मग कूलंटची टाकी. तिच्यावर सकाळी गाडी गार असताना मार्करने रेघ मारली. काकांना एक दोनशे पानी वही दिली आणि सांगितलं, रोज सकाळी गाडी चालू करायच्या आधी तीन गोष्टी लिहा: कूलंट रेघेला आहे की खाली, पट्टीवरचा रंग, आणि सायलेन्सरचा पांढरा धूर गाडी तापल्यावर थांबतो का. (गरम असताना रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण उघडायचं नाही, वाफेने तोंड भाजतं. हे त्यांना माहीत होतं, तरी मी सांगितलं. शिक्षकाची खोड.) झाकण पुसून लावलं. आणि काटा हलका जरी वर गेला तर त्याच क्षणी गाडी बाजूला घ्यायची, मुलांना उतरवायचं आणि फोन करायचा, असं ठरलं. पालकांनाही तेच कळवलं, काही लपवलं नाही.

रविवारी काकांनी घरच्यांना गाडीत बसवलं आणि कर्जतहून चौक, खालापूर, खोपोली करून पळसदरीमार्गे परत अशी लांब फेरी मारली, मध्ये इंजिन बंद न करता. सोमवारी झाकण उघडलं तर हाताला नुसतं तेल लागलं. आठ दिवस कूलंट रेघेवरून हललं नाही. दुसऱ्या आठवड्यात लोण्याचा पुसटसा थर पुन्हा दिसला, रविवारच्या फेरीनंतर पुन्हा गेला. इंजिन उघडायची गरज नव्हती. ऑइल मात्र त्यांनी ठरल्या वेळेच्या आधीच बदलून घेतलं, ते योग्यच झालं. छोट्या छोट्या फेऱ्या करणाऱ्या गाड्यांचं ऑइल लवकर बदला असं गाडीबरोबरच्या पुस्तिकेत बहुधा लिहिलेलं असतं, ते पान कुणी वाचत नाही.

गोष्ट इथे थांबवली असती तर मीच शहाणी ठरले असते. पण पुढचं सांगायला हवं.

ऑगस्टमध्ये आमचे एक सहकारी शिक्षक, खालापूर तालुक्यातून रोज आपल्या जुन्या कारने येतात, स्टाफरूममध्ये म्हणाले, "मॅडम, माझ्याही झाकणाला तुमच्या काकांसारखं लोणी आलंय." मी वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "पावसाचं असेल सर. एकदा लांब फेरी मारून या." ते हसले, मी पुढची वही घेतली.

त्यांनी माझं ऐकलं. रविवारी आई-वडिलांना घेऊन पुण्याला निघाले. खोपोली सोडून बोरघाट चढताना, शिंगरोबाच्या देवळाच्या जवळपास, काटा वर गेला आणि बोनेटमधून वाफ यायला लागली. पाऊस, धुकं, मागे ट्रकांची रांग, गाडीत सत्तरीचे दोघं. सुदैवाने त्यांनी गाडी वेळीच कडेला घेतली. गॅस्केट खरंच फाटलेलं होतं, आणि हेडही वाकलं. नंतर बोलता बोलता कळलं की गेले दोन महिने ते कूलंटच्या टाकीत दर पंधरवड्याला पाणी टाकत होते. मी तो एक प्रश्न विचारला असता, "सर, कूलंट कमी होतंय का?", तर ते सहज सांगणार होते. शिवाय ते रोज पंचवीस किलोमीटर गाडी चालवून येत होते, त्यांच्या इंजिनाला तापायला भरपूर वेळ मिळत होता. पावसाचं कारण त्यांना लागू पडायलाच नको होतं. गॅरेजवाल्याने जी घाई केली तीच मी केली, फक्त उलट्या दिशेने, आणि माझ्याकडे तर समीकरणही होतं.

सरांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. मी मात्र हा किस्सा दहावीच्या त्याच वर्गाला सांगितला. मुलं गंभीर झाली. मग एकाने विचारलं, "बाई, मग काकांचं बरोबर आलं ते नशीब होतं का?" मी म्हटलं, नाही रे, काकांकडे वही होती.

आता झाकणाची निगा. यात फार काही नाही, पण नेमकं तेवढंच राहून जातं. झाकण उघडायचं ते गाडी सपाट जागी, इंजिन बंद आणि गार असताना. उघडण्याआधी आजूबाजूची धूळ-चिखल फडक्याने पुसायचा, नाहीतर आपल्या लाल मातीचा कण थेट आत. पावसात उघड्यावर उघडायचं नाही. झाकणाची आतली बाजू धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसायची आणि रबरी रिंग बोटाने दाबून बघायची. चांगली रिंग मऊ असते, दाबली की परत फुगते. म्हातारी झालेली रिंग चपटी, कडक, नखाने चिरणारी. झाकणाभोवती तेलाचा ओला डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली की बहुतेक वेळा दोष रिंगेचा असतो. काही गाड्यांना नुसती रिंग मिळते, काहींना अख्खं झाकण घ्यावं लागतं. खर्च काही शे रुपयांचा. घेताना गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून, जुनं झाकण दाखवूनच घ्या. "बसतंय" आणि "बसलंय" यात फरक आहे. आटे जुळले तरी रिंग जाडीला कमी असली तर तेल झिरपतंच. लावताना रिंगेला नव्या ऑइलचं बोट लावायचं आणि हातानेच घट्ट करायचं. पकड, पाना नको, प्लास्टिकचे आटे जातात. झाकणावर छापलेल्या ग्रेडवर मात्र डोळे झाकून विश्वास नको, कुणीतरी कधीतरी दुसऱ्या गाडीचं झाकण लावलेलं असू शकतं. पुस्तिका बघा.

सर्व्हिसिंगनंतर घरी निघण्याआधी बोनेट किंवा सीट उचलून हे झाकण आणि ऑइलची पट्टी जागेवर आहे का ते स्वतः बघा. झाकण बाजूला, बॅटरीवर ठेवून विसरण्याची चूक चांगल्या हातांकडूनही होते. गाडी चालवताना करपल्या तेलाचा वास आला तर थांबा, आणि झाकण सापडत नसेल तर आधी इंजिनाच्याच खाचाखोचांत शोधा, अनेकदा तिथेच अडकलेलं असतं.

जुनी गाडी घेणाऱ्या पालकांना मेकॅनिक एक प्रयोग करून दाखवतात: इंजिन चालू ठेवून झाकण तोंडावर नुसतं ठेवायचं. ते उड्या मारायला लागलं, धुराचे भपके आले, तर इंजिन 'बॅक कॉम्प्रेशन' मारतंय, म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. प्रयोगात तथ्य आहे, पण सगळ्या इंजिनांची बनावट सारखी नसते, थोडी थरथर चांगल्या इंजिनातही दिसू शकते. हाही एकट्या खुणेवर निकाल द्यायचा प्रकार आहे. आणि गरम ऑइल तोंडावर उडू शकतं, म्हणून मुलांसमोर हा प्रयोग अजिबात नको.

वर्गात हा पाठ घ्यायचा असेल तर गॅरेजमधून एखादं टाकून दिलेलं झाकण मागून आणा, स्वच्छ धुवा. दोन बाटल्यांचा प्रयोग पंधरा मिनिटांत होतो. वापरलेलं इंजिन ऑइल मुलांच्या हाताला लागू देऊ नका, आणि ते बेसिनमध्ये ओतू नका. आपल्याकडचं सांडपाणी शेवटी उल्हास नाहीतर पाताळगंगेतच जातं. समीकरण आधी न सांगता मुलांना अंदाज करू द्या की १ किलो गॅसमधून किती पाणी निघेल. आमच्या वर्गात सगळ्यात मोठा अंदाज होता 'एक ग्लासभर'.

काकांची वही अजून चालू आहे. परवा त्यांनी ती दाखवायला आणली. तीन रकान्यांच्या पुढे त्यांनी स्वतःहून चौथा आखलाय, 'पाऊस'. आणि जुनी, कडक झालेली रिंग वहीच्या पुठ्ठ्याला दोऱ्याने बांधून ठेवली आहे, दुकानात माप दाखवायला.